१२३४५६७८९८७६५४३२१ : संख्या सतरा अंकी, पण घडण सोपी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाचे आहे याबद्दल घोळ राहणार नाही. आपल्यासमोर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आहे. ती कोणत्याही बाजूने वाचली तरी तीच राहते. मात्र स्प्रेडशीटमध्ये भरली की तिच्या शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसते. ही संख्या मूळ आहे का, नसल्यास तिला विभाजक किती, चढत्या-उतरत्या अंकांची ही मांडणी पुढे चालू राहते का, आणि शेवटच्या १ च्या जागी ३ लिहिला तर मूळ संख्या मिळेल का, असे आपण विचारले आहे. चारही प्रश्नांच्या मुळाशी अडचण एकच दिसते. संख्या एवढी मोठी असली की हात कुठे घालावा तेच कळत नाही, आणि मग माणूस एकतर सगळे संगणकाच्या हवाली करतो किंवा २, ३, ५, ७ ने भागत सुटतो.

गणित स्पर्धांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना संख्यासिद्धांत शिकवताना मी त्यांना पहिल्या दिवसापासून एक सवय लावतो: अंक किती आहेत हे नंतर मोजा, संख्या कशापासून घडली आहे ते आधी शोधा. हे दर वेळी साधते असे मात्र नाही. कोणी मनाला येईल तसे सतरा अंक लिहून दिले, तर त्यांत घडण शोधण्यात अर्थ नसतो. तेथे सरळ संगणकाला कामाला लावावे. सतरा अंक म्हणजे आजच्या साध्या संगणकाला क्षणाचे काम आहे. पण आपली संख्या मनाला येईल तशी नाही हे तिच्याकडे पाहताच दिसते, म्हणून तिच्या बाबतीत कागद आणि पेन्सिल पुरेशी आहेत.

प्रथम तो ३०० चा प्रकार निकालात काढू, कारण साधनच चुकीची संख्या दाखवत असेल तर पुढचे सगळे वाया जाईल. एक्सेलसारखे स्प्रेडशीट कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा सार्थ अंक तेवढे ठेवते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. आपण १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप केली तरी खणात राहते ती १२३४५६७८९८७६५४३००. ही दुसरीच संख्या आहे: ती सम आहे, तिला १०० ने भाग जातो, आणि तिच्या अंकांची बेरीज ८१ नसून ७८ आहे. ज्या प्रोग्रामिंग भाषा पूर्णांकही दशांश संख्यांच्याच साच्यात साठवतात, त्यांची मर्यादा निराळी असते. तेथे २ चा त्रेपन्नावा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की एकाआड एक पूर्णांक गळू लागतात. आपली संख्या त्या सीमेपलीकडची आणि विषम असल्यामुळे तेथे तिच्या जागी १२३४५६७८९८७६५४३२० राहते. पायथॉन किंवा पारी-जीपी यांसारख्या साधनांत पूर्णांकाला अशी मर्यादा नसते. पडताळा घ्यायचा असेल तर तेथे घ्यावा. स्प्रेडशीटमध्येच ठेवणे भाग असेल तर संख्या मजकूर म्हणून भरावी, पण मग तिच्यावर आकडेमोड करू नये.

आता घडणीकडे वळू. नऊ वेळा १ लिहून होणारी १११११११११ ही संख्या घ्या आणि शाळेत शिकवतात त्या रीतीने तिला तिनेच गुणा. प्रत्येक ओळीत तीच संख्या येते, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी एकाखाली एक लिहिल्या की उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे वाढत नवव्या स्तंभात नऊ १ येतात. दहाव्यात पुन्हा आठ, अकराव्यात सात, आणि शेवटी सतराव्यात एक. स्तंभाची बेरीज हाच उत्तरातला अंक असतो, कारण कोणतीही बेरीज ९ च्या वर जात नाही आणि हातचा कुठेच येत नाही. म्हणून १११११११११ चा वर्ग बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ आहे. मूळ असण्याचा प्रश्न येथेच संपला: कोणतीही वर्गसंख्या मूळ असू शकत नाही.

मांडणी पुढे चालते का, याचे उत्तरही याच स्तंभांत आहे. दहा एकांची संख्या घेतली तर मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि पहिल्यांदा हातचा येतो. तेथे ० लिहून १ हातचा डावीकडे जातो. तेथे आधीच ९ आहेत, ते १० होतात, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडच्या ८ चे ९ होतात आणि तेथे गाडी थांबते. परिणामी ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. उजवा उतार जसाच्या तसा राहिला, पण डाव्या चढावरचा ८ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये आली. दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाणेही संपले. स्तंभांत एकूण १०० एक असतात आणि प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज ९ ने घटते. येथे हातचे दोन, म्हणून या वर्गाच्या अंकांची बेरीज १०० वजा १८, म्हणजे ८२. मोजून पाहा, तेवढीच भरते. थोडक्यात, आपली संख्या दशमान पद्धतीतल्या या मालिकेचे शेवटचे शुद्ध पद आहे.

याच ८ च्या गायब होण्याची आणखी एक जागा दाखवतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. १११११११११ ला ९ ने भागले तर १२३४५६७९ मिळतात. येथेही ८ नाही. आणि १ भागिले ८१ चे दशांश रूप ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे नऊ-नऊ घरांनी आवर्तत राहते. तेथेही ८ नाही. कारण तेच आहे: १ भागिले ८१ म्हणजे १ भागिले ९ चा वर्ग, म्हणजे ०.१११… चा वर्ग. तेथे स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढत जातात, १० चा हातचा ९ मध्ये आणि त्या ९ चा हातचा ८ मध्ये शिरतो, आणि ८ चे ९ होतात. लोक याला संख्येची जादू म्हणतात. खरी मेख फक्त हातच्यात आहे.

आता या १२३४५६७९ चा वापर करू. आपली संख्या १११११११११ × १११११११११ आहे. पहिल्या गुणकातून ९ काढून दुसऱ्याला दिले, तर ती १२३४५६७९ × ९९९९९९९९९ होते. नऊ नवांनी गुणणे म्हणजे १ वर नऊ शून्यांनी गुणून मूळची संख्या एकदा वजा करणे. म्हणून १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा. डावीकडचा भाग एकाने कमी होऊन १२३४५६७८ राहतो आणि उजवीकडच्या नऊ घरांत ९८७६५४३२१ येतात. दोन्ही जोडून लिहिले की आपली संख्या तयार. स्तंभांची बेरीज न करता एका वजाबाकीत मिळणारी ही सिद्धता मला वर्गात दाखवायला सर्वांत आवडते. शिवाय तिच्यातून एक गोष्ट फुकट मिळते: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९ का भरते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विभाजकांसाठी मूळ अवयव हवेत. वर्गाचे अवयव पाडण्यापेक्षा वर्गमुळाचे पाडणे सोपे, म्हणून १११११११११ घेऊ. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ १११ १११ दिसतात, म्हणजेच १११ × १००१००१. पहिला भाग १११ = ३ × ३७. दुसऱ्या भागाच्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. येथे बहुतेक जण थांबतात आणि ३३३६६७ मूळ आहे असे गृहीत धरतात. ती मूळ आहे, पण ते दाखवायला हवे.

सरळ मार्गाने जायचे तर ३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये येते, म्हणून ५७७ पर्यंतच्या सर्व १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. पण घडण माहीत असल्यामुळे काम बरेच आटोपते. समजा एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. याचा अर्थ, १० चे एकामागून एक घात घेऊन त्या मूळ संख्येने भागत गेलो, तर बाकी पुन्हा १ येण्याचा फेरा १, ३ किंवा ९ घरांचा असतो. फेरा १ किंवा ३ घरांचा असेल, तर १००० ला भागल्यावर बाकी १ उरते, आणि १००१००१ म्हणजे १००० चा वर्ग, १००० आणि १ यांची बेरीज असल्यामुळे तिची बाकी १ + १ + १, म्हणजे ३ येते. ती शून्य व्हायची तर ती मूळ संख्या ३ च असली पाहिजे. आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्याने तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा उरतो तो नऊ घरांचा फेरा. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरते त्याला फेऱ्याच्या लांबीने भाग जातो, म्हणून ती मूळ संख्या ९ च्या पटीहून एकाने मोठी असते. शिवाय ती विषम आहे, म्हणून खरे तर १८ च्या पटीहून एकाने मोठी.

अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत सतराच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सतरा भागाकार हाताने होतात. १९ ने भागल्यास बाकी ८, ३७ ने १, ७३ ने ५७, १०९ ने १८. अशीच प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरते आणि शेवटी ५७७ ने १६१ उरते. म्हणून ३३३६६७ मूळ आहे. एकशे सहाऐवजी सतरा, एवढा फरक केवळ घडण ओळखल्याने पडला. आणि ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९ असल्यामुळे १ भागिले ३३३६६७ चे दशांश रूप ०.०००००२९९७०००००२९९७… असे नऊ घरांनी आवर्तते. नेमके नऊ घरांचे आवर्तन असलेली ही एकमेव मूळ संख्या आहे, कारण ९९९९९९९९९ चे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच, आणि त्यांपैकी ३ चे आवर्तन एका घराचे तर ३७ चे तीन घरांचे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. वर्ग केल्यावर प्रत्येक अवयवाचा घात दुप्पट होतो, म्हणून आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा दुसरा आणि ३३३६६७ चा दुसरा आहे. विभाजक तयार करताना ३ चा घात पाच प्रकारे निवडता येतो, ३७ चा तीन आणि ३३३६६७ चा तीन प्रकारे, म्हणून एकूण ४५ विभाजक. ही संख्या विषम येणारच होती, कारण वर्गसंख्येचे वर्गमूळ स्वतःच स्वतःचा जोडीदार असते. या ४५ मध्ये १२३२१ ही आहे, कारण तो १११ चा वर्ग. आणि तिने भागल्यावर १००२००३००२००१ येतात, म्हणजे १००१००१ चा वर्ग. एकाच चढउताराच्या दोन आवृत्त्या, एक दाटीवाटीने बसलेली आणि दुसरी शून्ये पेरून ऐसपैस झालेली, एकमेकींना गुणून तिसरी देतात हे पाहण्यासारखे आहे. सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून संख्या स्वतः वगळली की उरते ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे तिच्या निम्म्याहून थोडी जास्त; ही बेरीज संख्येहून कमी भरते म्हणून ही न्यून संख्या आहे, बरोबर संख्येएवढी भरती तर परिपूर्ण म्हटली असती.

आपण विचारले नव्हते, पण अवयव हाती आलेच आहेत तर त्यांच्यातून मिळणारी एक गोष्ट सांगतो. ज्या विषम मूळ संख्येला ४ ने भागल्यावर १ उरतो ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते. ३ उरतात ती लिहिता येत नाही. आपल्या तीन अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ आहे, आणि ३७ ची १. त्यामुळे १११११११११ हा कर्ण असलेला, तिन्ही बाजू पूर्णांक असलेला काटकोन त्रिकोण अस्तित्वात आहे, आणि तो एकच आहे. तो ३७, ३५, १२ या त्रिकोणाची ३००३००३ पट करून मिळतो: बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६. या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे आपलीच सतरा अंकी संख्या. अंकांच्या चढउताराकडे कितीही वेळ पाहत बसलो तरी हे दिसले नसते. ते ३७ पाहिल्यावरच दिसते.

येथे दोन प्रकारच्या गुणधर्मांत फरक करणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक शंका यांच्या गल्लतीतून येतात. वर्ग असणे, ४५ विभाजक असणे, वरचा त्रिकोण असणे, हे त्या संख्येचे स्वतःचे गुणधर्म आहेत. ती कोणत्याही लिपीत किंवा पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. उलट, दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाणे किंवा अंकांची बेरीज ८१ असणे, हे ती दहाच्या पायावर लिहिली म्हणून आहे. उदाहरणार्थ, ४४१ या संख्येत आपल्याला चढउतार दिसत नाही, पण चारच्या पायावर तीच १२३२१ अशी लिहिली जाते, कारण ती २१ चा वर्ग आहे आणि २१ म्हणजे त्या पद्धतीतले १११. तेथे सर्वांत मोठा अंक ३, म्हणून शिखर ३ वर. आपल्याकडे सर्वांत मोठा अंक ९, म्हणून शिखर ९ वर. एकं, दहं, शतं मोजत गेल्यास आपल्या संख्येचा पहिला १ मध्य या स्थानावर येतो, परार्धाच्या एकच पायरी खाली. तोही दहाच्या पायाचाच परिणाम.

अंकांच्या मांडणीवर अवलंबून असलेले गुणधर्म दुय्यम समजण्याचे मात्र कारण नाही. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्यांच्यातच आयुष्य घातले, आणि आपल्या संख्येच्या कुळाचे नावही त्यांनीच दिलेले आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही मालिका त्यांच्या डेमलो संख्यांपैकी. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनावर ही कल्पना सुचली त्याचे त्या काळचे नाव डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली. डेमलो संख्येची कसोटी अशी: संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करावेत, डावा आणि उजवा यांची बेरीज एकाच अंकाने भरलेली यावी, आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९, मध्ये ९. हर्षद संख्या ही कल्पनाही त्यांचीच: जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ३ चा चौथा घात, आणि तो अवयवांत आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

अंकांची लांबी हे काम किती अवघड आहे याचे माप नाही, असे मी वर सुचवले. त्याचे एक टोकाचे उदाहरण देतो. ओळीने २५० नव लिहून होणारी संख्या घ्या. ती १ वर २५० शून्ये वजा १ आहे, म्हणजे दोन वर्गांमधला फरक, आणि तिचे दोन अवयव तोंडी सांगता येतात: १२५ नवांची संख्या, आणि १ वर १२५ शून्ये अधिक १. याउलट आरएसए-२५० ही अवयव पाडण्याच्या आव्हानासाठी दिलेली, तेवढ्याच अंकांची, पण मुद्दाम घडण लपवलेली संख्या २०२० मध्ये फोडली गेली तेव्हा सुमारे २७०० कोअर-वर्षे, म्हणजे संगणकाच्या एका गाभ्याला (कोअरला) २७०० वर्षे पुरेल एवढे काम, खर्ची पडली. नुसत्या एकांच्या संख्यांचेही असेच आहे. एक किती वेळा लिहिला हा आकडा संयुक्त असेल तर अवयव लगेच मिळतात, जसा नऊ एकांत तीन एकांचा मिळाला. तो आकडा मूळ असेल तर मात्र नेम नसतो: दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या मूळ आहेत, पण पाच एकांची ४१ × २७१ अशी फुटते आणि सात एकांची २३९ × ४६४९ अशी.

शेवटचा प्रश्न राहिला: शेवटी ३ लिहिला तर काय? शेजारच्या काही संख्यांना हीच घडण पुरते. आपल्या संख्येतून १ वजा केला तर ११११११११० × ११११११११२ मिळतात, आणि ४ वजा केले तर १११११११०९ × ११११११११३. पण आपण २ मिळवत आहात, आणि वर्ग अधिक २ याचे असे तयार सूत्र नाही. तरीही हातात काहीच नाही असे नाही. कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गात २ मिळवले तर त्या बेरजेचे विषम मूळ अवयव ८ ने भागल्यावर १ किंवा ३ बाकी देणारेच असतात. म्हणजे ५, ७, १३, २३ यांच्या वाटेला जायचेच नाही. ३ ही बाद, कारण १११११११११ ला ३ ने भाग जातो आणि वर मिळवलेले २ तसेच उरतात. राहतात ११, १७, १९, ४१, ४३, ५९, ६७, ७३, ८३, ८९ आणि पुढच्या. यांतल्या प्रत्येकीसाठी सतरा अंकी भागाकार करू नये. १११११११११ ची बाकी काढावी, तिचा वर्ग करावा आणि २ मिळवावेत. ११ ने आणि ७३ ने भागल्यास बाकी १ येते, म्हणून ३ उरतात आणि भाग जात नाही. ४१ ने बाकी ४, म्हणून १८. ८३ ने बाकी ७, म्हणून ५१. अशी एकेक गळत जाते, आणि ८९ ने भागल्यास बाकी ४० येते: ४० चा वर्ग १६००, अधिक २ म्हणजे १६०२, आणि १६०२ म्हणजे बरोबर १८ × ८९. तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२३ ही संख्याही मूळ नाही. ती ८९ × १३८७१५४९४२४३३०७ आहे.